दोन बोटांची जागा

साडू दिसायच्या आधी त्याच्या गाडीचा वास आला. जळक्या रबराचा, घशात जाऊन बसणारा. मिस्त्री गॅरेजच्या ओट्यावर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. वासामागोमाग आवाज आला. कोपऱ्यावर पिकअप वळली तशी पत्र्यावरून करवत ओढल्यासारखं खर्र झालं, सरळ झाल्यावर थांबलं, आणि गॅरेजच्या दारात वळताना पुन्हा खर्र. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. साडूने काच खाली करून त्यांना हात केला. त्याला वाटलं, कौतुकाने बघतायत.

नाकापेक्षा मोती जड ही म्हण मिस्त्रीने आजवर नुसती ऐकली होती. आज ती चार चाकांवर चालत दारात आली. पिकअप तीच जुनी. दारावर रंगवलेलं धुलाईखान्याचं नाव निम्मं पुसलेलं, मागच्या फळीची कडी तुटून तिथे दोरी बांधलेली. आणि त्या बिचारीच्या पायात हे टायर: काळेकुळकुळीत, गाठी-गाठींचे, मडगार्डच्या चांगली चार बोटं बाहेर आलेले. वर चकचकीत रिम, त्यांना लाल कडा.

"भाऊ, जरासा आवाज येतोय," साडू उतरत म्हणाला. "तेवढा काढून द्या."

साडू म्हणजे मिस्त्रीच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धाकटी धुलाईखाना चालवायची. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले तिच्याकडे मळून यायचे आणि उकळून, वाळून, घड्या होऊन परत जायचे. सकाळी भट्टी पेटवायची तीच, गाडी भरायची तीच, चालवायचीही तीच. साडू मालक होता. म्हणजे दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि कोणी आलं की 'बोला' म्हणायचा.

"हे कोणी बसवले?" मिस्त्रीने विचारलं.

"टायरवाल्याने. पण साइज मीच सांगितली. हल्ली फोनवर सगळं दाखवतात हो."

"आवाज दाखवत नाहीत वाटतं."

साडू हसला. टोमणा त्याला कळत नव्हता असं नाही. लावून घ्यायचा नाही एवढं त्याने ठरवलेलं होतं, आणि नेमका हाच गुण मिस्त्रीला सगळ्यात ओंगळ वाटायचा. माणूस चिडला तर बरं असतं, भांडता येतं. हसणाऱ्याशी काय भांडायचं.

मिस्त्री गाडी आत घ्यायला बसला. स्टेअरिंगला केसाळ कव्हर चढवलेलं, आणि ते घामाने चिकट झालेलं. आरशाला अत्तराची कुपी टांगलेली. कप ठेवायच्या खळग्यात चघळून टाकलेला च्युइंगगम, त्यात रुतवलेली दात कोरायची काडी. मिस्त्रीने दोन्ही हातांची फक्त बोटं वापरून गाडी आत आणली आणि उतरल्यावर बोटं पँटला पुसली. मग जॅक लावला, पुढचं चाक काढलं आणि चाकावरच्या पत्र्याच्या कमानीत डोकं घातलं.

आत चिखलाचा जुना थर होता. त्यात चादरींचे धागे, कापसाचे बोळे, कुणाच्या तरी जखमेवरून निघालेली चिकटपट्टी. त्यावर नव्या टायरने खरवडून काढलेल्या रबराचा काळा भुगा, अजून गरम. मिस्त्रीने डोकं बाहेर काढून श्वास घेतला. उभा जन्म ग्रीस आणि काळ्या तेलात गेलेला माणूस तो, घाणीला घाबरणारा नव्हे. पण ती घाण कामाची असते. ही हौसेची होती, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या जिवावरच्या हौसेची.

आता मोठे टायर बसवणं हे काही पाप नाही. ज्याला चिखलातून, खडकातून जायचं असतं तो बसवतो आणि बसवावेतच. पण त्याला रीत आहे. गाडी थोडी उचलावी लागते. कमानीतलं प्लास्टिक कापावं लागतं. चाकाच्या मागे दोन पत्रे जिथे जोडलेले असतात तिथे एक उभी धार असते, ती ठोकून सपाट करावी लागते, नाहीतर ती टायरला सुरीसारखी लागते. आणि सगळं झालं की तपासायचं. तपासायची मिस्त्रीची स्वतःची पद्धत होती आणि तिच्यावरच त्याचं नाव चालायचं. टायरला खडू फासायचा, गाडी पुरती भरायची, आणि गॅरेजमागच्या उतारावरून ब्रेक दाबत, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत न्यायची. भरलेली गाडी उतारावर नाक खाली घालते, पत्रा टायरवर येतो, आणि जिथे घासेल तिथे पांढरं उमटतं. रिकामी गाडी सपाट फरशीवर तपासणं म्हणजे उपाशीपोटी विजारीचं माप देणं. शिंप्याकडे झकास बसते. जेवून उठलं की कळतं.

हे सगळं त्याने साडूला सांगितलं. अगदी विजारीसकट सांगितलं.

"किती वेळ लागेल?"

"दोन दिवस धरा."

"दोन दिवस?" साडूचा चेहरा पडला. "भाऊ, उद्या रविवार. आमच्या मंडळींचं उद्या नदीवर जायचं ठरलंय, सगळे आपापल्या गाड्या घेऊन येणार. मला काही डोंगर चढायचा नाहीये. फोटो काढायचे, बसायचं, यायचं. फक्त तो आवाज नको. चारचौघांत बरं दिसत नाही."

"आणि धाकटी? ती भरून नेते ना गाडी?"

"ती सोमवारी. तोवर जुने टायर परत चढवतो की मी. दहा मिनिटांचं तर काम."

या गृहस्थाने उभ्या आयुष्यात उशीला अभ्रासुद्धा स्वतःच्या हाताने चढवला नव्हता. मिस्त्रीला ते चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने मान डोलावली. त्याला तो वास, ते हसू, त्या लाल कडा, ती खळग्यातली काडी, सगळं एकदाचं दारातून घालवायचं होतं. किळस आली की माणूस नीट बघत नाही, उरकतो. मिस्त्रीने उरकलं.

त्याने प्लास्टिक कापलं. पुष्कळसा आवाज गेला, पण स्टेअरिंग पुरतं फिरवलं की टायर अजून लागत होता. मग त्याने एक चोरटा उपाय केला. चाक किती वळावं हे ठरवणारा एक बोल्ट असतो, तो त्याने बाहेर काढत आणला. आता चाक पुरतं वळायच्या आधीच अडायचं. वळतच नाही तर घासणार कुठून? दुसरा कोणी गॅरेजवाला असं करताना दिसला की मिस्त्री त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, म्हणायचा.

मग त्याने चाकामागच्या त्या उभ्या धारेशी हात घातला. टायर आणि धार यांच्यामध्ये दोन बोटं बरोबर शिरली. गाडी रिकामी, फरशी सपाट. भरल्यावर या दोन बोटांचं काय होईल हे त्याला कोणी सांगायला नको होतं. हातोडा हाताशी पडला होता. पण ठोकायचं म्हणजे चाक पुन्हा उतरवायचं, आणि तेवढा वेळ साडूच्या मंडळींच्या गाड्यांचं पुराण ऐकायचं. तो काल रात्रीच्या पार्टीत कोण किती ओकलं इथपर्यंत आला होता. मिस्त्रीने बोटं काढून घेतली.

"घ्या. आवाज गेला."

"मानलं, भाऊ."

"ऐका नीट. वळण कमी झालंय. पूर्वीसारखी एका झोकात वळायची नाही. आणि ही भरायची नाही, कळलं? अजिबात नाही. धाकटीला सांगा."

"सांगतो की," साडू म्हणाला. तो वाकून रिममध्ये स्वतःचा चेहरा बघत होता.

गाडी गेली. मिस्त्रीने हात रॉकेलने धुतले, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. वास काही जाईना.

दुपारी जेवताना बायकोने विचारलं, "तो आला होता ना? आवाज इथवर ऐकू आला."

मिस्त्रीने जेवता जेवता झालं ते सांगितलं. टायरचं सांगितलं, काडीचं सांगितलं, ओकाऱ्यांचंही सांगितलं, तेव्हा बायकोने ताट जरा बाजूला सारलं. दोन बोटांचं मात्र सांगितलं नाही. वळण कमी केलंय आणि भरायची नाही, एवढं सांगितलं.

"मग धाकटीला फोन करा."

"त्याला सांगितलंय."

"त्याला सांगणं आणि भिंतीला सांगणं सारखंच. भिंत निदान मध्ये हसत नाही."

"तिच्या नवऱ्याला सांगून झाल्यावर पुन्हा तिला फोन करू? तुझ्या वडिलांनी काय सांगून ठेवलंय?"

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा एक कायदा घरात अजून जिवंत होता. साडूच्या लग्नानंतर वर्षभरात मिस्त्री त्याला एकदा भर जेवणात 'आयतोबा' म्हणाला होता. धाकटी रडली, साडू हसला, आणि सासऱ्यांनी हात धुवायच्या आधी फर्मान काढलं: जावयांनी एकमेकांच्या चुलीत फुंकर घालायची नाही. जे सांगायचं ते ज्याचं त्याला सांगायचं, बायकांपर्यंत न्यायचं नाही. तेव्हा मिस्त्रीला हा कायदा अन्याय वाटला होता. पुढे त्याच्या लक्षात आलं की कायदा फार सोयीचा आहे. साडूचं काही खटकलं की नाक मुरडायचं, साडूलाच एकदा सांगायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं.

"मी करते फोन," बायको म्हणाली.

"कशाला उगाच? तिला कळलं की टायरवरून भांडण, मग तो म्हणणार आम्ही लावालावी केली. सोमवारी जुने टायर चढवणारच आहे तो."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. चढवणारच आहे म्हणताना त्याचा आवाज त्यालाच साडूसारखा वाटला. तिने फोन केला नाही. त्याने भात वाढून घेतला.

सोमवारी सकाळी गॅरेजचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात बायको हातात फोन घेऊन घरातून धावत आली. गॅरेजच्या मागेच घर होतं.

"धाकटीची गाडी इस्पितळाच्या उतारावर अडकलीय. टायर फाटला. ती म्हणते कोणाला लागलं नाही, पण आवाज ठीक नाही तिचा."

"तो कुठंय?"

"धुलाईखान्यात. एकदा ऐकून फोन ठेवला, आता उचलत नाही म्हणे."

मिस्त्रीने जॅक, पाना आणि हातोडा रिक्षात टाकले. आधी धुलाईखान्यात जाणं भाग होतं. जुने टायर तिथे होते. जाताना त्याला सारखा तो उतार दिसत होता. इस्पितळाच्या मागच्या अंगाने तळघरात जाणारा, एक गाडी जेमतेम मावेल एवढाच, आणि मध्यावर कोपरासारखा मोडलेला. त्याने तो पाहिला होता. धाकटी तिथे भरलेली गाडी एका झोकात वळवायची, आणि त्याचा तिला फार अभिमान होता. एका घरगुती जेवणात तिने दोन वाट्या आणि काडेपेटी घेऊन सगळ्यांना ते करून दाखवलं होतं.

धुलाईखान्याच्या दाराशी साडू खुर्चीत बसला होता. फोन हातात होता. नदीवरचे फोटो चालले होते.

"या, भाऊ," तो म्हणाला. "ऐकलं ना? घातली भिंतीत. तरी मी म्हणत असतो, बाईमाणसाला मोठी गाडी झेपत नाही."

 पायापासून डोक्यापर्यंत मिस्त्रीला शिसारी आली. याच्या कानाखाली एक द्यावी आणि मग ते हात रॉकेलने नाही, उकळत्या पाण्याने धुवावेत असं वाटलं. पण त्याला स्वतःला बोलायला तरी तोंड कुठे होतं?

"तिला सांगितलंत का?" त्याने विचारलं. "भरायची नाही म्हणून?"

"सांगणारच होतो. काल यायला उशीर झाला. सकाळी ती निघून गेलेली. झोपलेल्या माणसाला कोण विचारतं?" साडूने एक फोटो त्याच्यापुढे धरला. "हा बघा, काय रुबाब दिसतोय."

जुने टायर रिमसकट मागच्या अंगणात होते. त्यांच्यावर साबणाचे ड्रम ठेवलेले, ड्रमांमधून निळसर, बुळबुळीत काहीतरी गळून टायरांच्या खाचांत साठलेलं. रविवार गेला तरी तिथून ते हलवायचा विचार कोणाच्या मनाला शिवलाही नव्हता, हे बघताक्षणी कळत होतं. मिस्त्रीने ड्रम ढकलले. बुळबुळ मनगटापर्यंत आली. पुढची दोन चाकं त्याने एकट्याने घरंगळत रिक्षापर्यंत नेली. साडू खुर्चीतून अर्धा उठला.

"मी आलो असतो हो, पण इथं कोणीतरी पाहिजे."

उताराच्या तोंडाशी गर्दी होती. जेवणाच्या गाडीवाला हॉर्न वाजवून कंटाळून उतरला होता. मिस्त्री वाट काढत खाली गेला. पिकअप मोडणावर तिरकी अडकली होती. नाक भिंतीपासून वीतभर, पुढचं एक चाक बसलेलं, आणि त्या नव्याकोऱ्या टायरच्या बाजूला पोट फाडल्यासारखी लांब चीर. चीर कुठल्या धारेने पडली हे बघायला वाकायची गरज नव्हती. तरी तो वाकला. धार टायरच्या रबरात शिरून बसली होती.

स्वच्छ चादरींचे गठ्ठे निम्मे उतरवून भिंतीकडेला रचले होते. खालून मळक्या कपड्यांच्या पिशव्या वर आणून ठेवल्या होत्या, कारण त्या न उचलल्याने खालचं भांडार तुंबलं होतं. एक पिशवी फुटलेली. उतारावरून लालसर पाण्याचा ओघळ आला होता आणि तो स्वच्छ गठ्ठ्यांच्या कडेशी पोचला होता. त्या वासाने जेवणवाल्याने नाकाला रुमाल लावला होता. धाकटी गठ्ठे एकेक करून उचलून ओघळापासून लांब ठेवत होती. तिने मिस्त्रीला पाहिलं आणि हातातला गठ्ठा आधी ठेवून मग म्हणाली, "दाजी, तुम्ही आलात. बरं झालं."

तिच्याकडे कामाला असलेली मावशी भिंतीला टेकून पायरीवर बसली होती. हात मांडीवर ठेवले होते.

"काय झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"वळेचना," धाकटी म्हणाली. "रोज वळते तिथे वळेना. चाक पुरतं फिरतच नव्हतं. मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, पुन्हा मागे. मावशी पुढं उभी होती, ये ये करत. मी ब्रेक दाबला आणि खाडकन आवाज झाला, गाडी एका बाजूला बसली आणि पुढे घसरली." तिने भिंतीकडे बोट केलं. "मावशी तिथं होती."

मिस्त्रीने त्या वीतभर जागेकडे पाहिलं.

"मी बारीक म्हणून वाचले," मावशी म्हणाली. "जाडी असते तर आज चादरींबरोबर मलापण धुवायला न्यावं लागलं असतं." कोणी हसलं नाही, तीही हसली नाही.

तेवढ्यात भांडाराच्या बाई वर आल्या. चष्म्यातून त्यांनी गाडी पाहिली, ओघळ पाहिला. "दोन वॉर्ड चादरींशिवाय बसलेत," त्या धाकटीला म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "इतक्या वर्षांत तुमचं कधी चुकलं नाही म्हणून वर सांभाळून घेते. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला जाईल, मग माझ्या हातात काही नाही."

"पुन्हा होणार नाही," धाकटी म्हणाली.

मिस्त्री खाली झोपला. दुसरा इलाजच नव्हता. जॅक लावायची जागा त्या ओघळातच होती. पाठ भिजली, मानेला गार लागलं. कसला ओलावा आहे याचा विचार त्याने केला नाही आणि तरी तो विचार सुटेना.  त्याने चाक उतरवलं, हातोड्याने धार ठोकली. दणके उतारभर घुमले. शनिवारी हे काम गॅरेजच्या कोरड्या फरशीवर झालं असतं. मग त्याने तो बोल्ट शोधला आणि आत फिरवत मूळ जागी नेला.

गाडीपलीकडून धाकटीचे पाय दिसत होते. ती वाकली. "हा बोल्ट कशाचा, दाजी?"

"वळण थांबवायचा."

"तो बाहेर आला होता?"

"काढला होता."

"कोणी?"

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. साडूचं नाव घ्यायला जागा होती. टायर त्याने आणले, सांगायचं तो विसरला, भरायची नाही हे त्याला बजावलं होतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. नेमकं इथंच घोडं पेंड खात होतं.

"मी," तो म्हणाला. "शनिवारी. आवाज काढायला."

धाकटी सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "आज सकाळी ते टायर बघून मी भरत नव्हते गाडी. त्यांना उठवलं मी. म्हटलं, हे काय करून ठेवलंय, जुने चढवा आधी. ते डोळेसुद्धा न उघडता म्हणाले, भाऊंनी स्वतः तपासलंय." तिने हातावर उडालेलं लाल पाणी पदराला न पुसता भिंतीला पुसलं. "मग भरली."

"त्याला मी सांगितलं होतं की—"

"त्यांचं सोडा. त्यांना सांगून काय होतं ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे."

 तिच्या वडिलांचा कायदा मिस्त्रीच्या जिभेवर आला होता. तो तिच्यासमोर उच्चारायची त्याला लाज वाटली. दोन दिवस तो साडूचा वास धूत बसला होता. आता जो वास येत होता तो त्याचा स्वतःचा होता, आणि त्याला साबण नव्हता.

दोन्ही पुढची जुनी चाकं चढली. त्याने नट आवळले, पुन्हा आवळले. मग तिच्या आधी गठ्ठे उचलायला लागला. मावशी आणि तो मिळून गठ्ठे खाली नेत राहिले. खालच्या दाराशी कोणीतरी त्याला 'अरे, इकडे ठेव' म्हणालं आणि त्याने तिकडे ठेवले.

गाडी हलकी झाली. धाकटी बसायच्या आधी पुढे आली. तिने दोन्ही चाकांमागे हात घालून पाहिला, आत जाऊन स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, पुन्हा उतरून पाहिलं. त्याला काही विचारलं नाही. आजवर मिस्त्रीचं काम त्याच्या डोळ्यांदेखत कोणी तपासलं नव्हतं. कोणाची टाप नव्हती.

"संध्याकाळी गॅरेजला आण," तो म्हणाला. "मागचीही बदलतो. भरून, खडू लावून बघतो सगळी."

"नको, दाजी. टेकडीखालच्या गॅरेजात दाखवते."

"तो? त्याला काय येतं?"

"माहीत नाही. पण त्याच्यासमोर उभी राहून बघेन. तुमच्याकडे कधी उभी राहिले नाही." ती गाडीत बसली. "ताईला काही बोलू नका. तिकडे जाते ते रागावून नाही. मला रोज इथून उतरायचंय."

तिने गाडी सुरू केली.  मिस्त्री पुढे गेला आणि भिंतीला पाठ लावून, मावशी उभी असायची तिथे उभा राहिला. दोन्ही हात वर करून म्हणाला, "ये. मी आहे. ये सावकाश."

इंजिन चालू राहिलं. गाडी हलली नाही.

"दाजी, बाजूला व्हा."

"अगं, आता सगळं नीट आहे."

"बाजूला व्हा आधी," ती म्हणाली. "मला आता तिथं कोणीच उभं नकोय."

त्याने हात खाली घेतले. वर जेवणवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. मिस्त्री भिंतीपासून निघाला आणि ओघळ ओलांडून मावशीशेजारी जाऊन उभा राहिला. मावशी जराशी सरकली, जागा द्यायला की वासाने, कोण जाणे. गाडी एका झोकात वळली आणि खाली गेली.